दुहेरी गाठ

अक्रोडासारखं फळ देणारं पिकनचं झाड जुईनगरच्या दमट हवेत जगायचं नाही, असं सगळी सोसायटी सांगत होती. तरी अरविंदरावांनी तळमजल्याच्या खिडकीखाली बी रुजवलं आणि दोन वर्षांनी, शहाण्णव साली, हिमाचलहून मागवलेल्या चांगल्या जातीच्या काडीचं त्यावर कलम केलं. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून प्लॅस्टिकची पट्टी सुनीतीबाईंनी बांधली. लोणच्याच्या बरणीवर त्या फडक्याचा दादरा बांधायच्या तशीच, दुहेरी गाठ मारून.

कलमाला दोन पानं फुटली, तेव्हा सुनीतीबाई नव्हत्या.

"बाबा, पट्टी खोडात रुतलीय," तेराव्यानंतर मागे राहिलेली लेक, वैदेही म्हणाली. "सोडा ना आता, नाहीतर वरचं सगळं मरेल."

"हो."

"रोज हो म्हणता. एवढं काय आहे त्या गाठीत?"

वैदेही चिडून स्वयंपाकघरात गेली. फळीवरून बरणी काढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग बरणी परत फळीवर ठेवल्याचा.

ताट आलं. त्यात लोणचं नव्हतं. अरविंदरावांनीही मागितलं नाही.