पाच हजार अक्षरं

दारात थांबून दिगंबररावांनी आधी हाक मारली, "इरा, मी बाबा." विद्यापीठाच्या पत्रकात तसंच सांगितलं होतं: आधी आवाज द्या, मग समोर या.

चिनी विभागात संशोधनाला प्रवेश हवा तर अक्षररोपण सक्तीचं होतं. दोन दुपारी डोक्याला यंत्र लावलं आणि पाच हजार चिनी अक्षरं आत बसली. एरवी चौकटींच्या वह्या गिरवण्यात इराची दहा वर्षं गेली असती. अक्षरांना लागणारी जागा मेंदूच्या चेहरे ओळखणाऱ्या भागातून घेत. सही करताना तिने ते वाचलं होतं. "माणसं काय, आवाजावरूनही ओळखता येतात," असं तीच म्हणाली होती, आणि दिगंबरराव सोसायटीभर पेढे वाटत फिरले होते.

आता ती हजार वर्षांपूर्वीची एक चिनी कविता घडाघडा वाचून बाबांना तिचा अर्थ सांगत होती. परगावी राहिलेल्या मुलाला आईची आठवण येते, अशी कविता. सांगता सांगता ती मध्येच उठली. कपाटातला जुना अल्बम घेऊन आली.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज कुणी जपून ठेवला नव्हता.

मंगळागौरीच्या फोटोत नऊ बायका ओळीने हसत होत्या. इराने एकेकीवरून बोट फिरवलं.

"बाबा, यातली आई कोणती?"

त्यांनी दाखवली. इराने कागदाच्या चिटोऱ्यावर चिनीत 'आई' असं सुबक लिहिलं, त्या चेहऱ्याखाली चिकटवलं आणि पान उलटलं.

"आणि इथे?"