धाकट्याची बँक

घाटकोपरच्या त्या चाळीत सगळे बँकेच्या नावाने बोटं मोडत होते. म्हाताऱ्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवतात, गरिबाला साध्या कर्जासाठी दहा हेलपाटे घालायला लावतात, म्हणून लोकांनी शाखेवर मोर्चा नेला. मोर्चात सगळ्यात पुढे सहदेव होता. त्याचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश त्याच बँकेत अधिकारी होता, आणि चाळीत आताशा सहदेवला 'बँकवाल्या चंदूचा भाऊ' म्हणूनच ओळखत. ते कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखायचं.

संध्याकाळी वडिलांनी, नानांनी, विचारलं, "गिरणीतले फंडाचे पैसे आलेत. बँकेचे शेअर निघालेत म्हणतात. घेऊ काय?"

"लोकांचे तळतळाट घेणारी बँक ती," सहदेवचा आवाज चढला. "तिच्यात पैसे घालणार तुम्ही? आज ना उद्या वाट लागणार तिची."

"चंदूपण नकोच म्हणाला."

भाऊ आपल्याच बँकेच्या शेअरना नको म्हणेल, असं सहदेवला वाटलं नव्हतं.

"म्हणाला, शेअरबिअर राहू दे. दादा किती वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवणार? त्या पैशांत त्याला स्वतःचा घेऊन द्या. कमी पडले तर मी घालतो." नाना कौतुकाने सांगत होते. "मन मोठं आहे रे पोराचं. काय सांगू त्याला?"

"शेअरच घ्या, नाना," सहदेव म्हणाला. "बँक चांगली आहे."