पुकारा

ज्या कोर्टाने पोटगी बांधून दिली, तेच ती कमीजास्त करणार. मग नवरा-बायको वेगवेगळ्या राज्यांत जावोत, नाहीतर चंद्रावर बिऱ्हाड थाटोत! काडीमोड झालेल्या नवऱ्याने पोटगी कमी करायला अर्ज टाकला, तशी शिंपीण परराज्यातून जुन्या कोर्टात भांडायला आली. व्हरांड्यात तो भिंत चाचपत उभा. बसचा ड्रायव्हर, अन् डोळेच गेलेले! शर्टाची बटणं एकेक काज चुकलेली. तिने मुकाट्याने ती नीट लावली, त्याला बाकावर बसवलं. “उपकार झाले, ताई. माझी बायको, म्हणजे होती ती, यायचीय. तिला हे सांगू नका हं! फार तोऱ्यात सोडलं होतं मी तिला.” तेवढ्यात शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला. ओ दिली नाही तर पोटगी घटणार. ती गप्प राहिली. “नाही आली,” तो ताईंना म्हणाला. “आवाज तरी ऐकला असता.”