सैल टॅपेट

फोल्के गावातून गाडी घेऊन परतला, की गुनवोर दारातच वाफाळती कॉफी त्याच्या हातात देई.

"मी आलो हे तुला आधीच कळतं तरी कसं गं?"

"मनाची खूण मनाला पटते," ती गालातल्या गालात हसे.

त्या रविवारी फोल्केने म्हाताऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं. थंड इंजिनातलं सैल होऊन वाजणारं एकेक टॅपेट, फट मोजायची फीलर गेजची पाती सरकवत, कसून त्याने सगळी टकटक बंद करून टाकली. चक्कर मारून आला, तेव्हा इंजिन मांजरीसारखं गुरगुरत होतं.

दारात कोणीच नव्हतं. गुनवोर सोफ्यावर पाय पसरून शब्दकोडं सोडवत होती.

"अगबाई, तू कधी आलास?"

"कॉफी?"

"गाडी वाजलीच नाही, तर किटली चढवू कधी? तुझी टकटक तर पार पुलापासून ऐकू यायची!"

"आणि ती मनाची खूण?"

"ती आहेच रे. पण कान जास्त कामाचे."

फोल्के पाना घेऊन अंगणात गेला आणि इंजिन निवायची वाट बघत बसला. एक टॅपेट जरासं सैल केलं, की झालं.

खिडकीतून हाक आली, "दोन सैल कर! दालचिनीचे बन गरम व्हायला जरा जास्त वेळ लागतो."