गीझरची शेवटची सफाई

ज्योत पिवळी आली तसं ओनोफ्रे मिस्त्रीने नाक मुरडलं आणि गॅसचा कॉक बंद केला.

"काजळी धरलीय, बाई. हाही आता म्हातारा झाला," तो म्हणाला. मागच्या पडवीच्या भिंतीवर टांगलेल्या गीझरचं झाकण उतरवून त्याने ते जमिनीवर ठेवलं.

हर्मिंदाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. चुलीवर सोपाइपिया, भोपळ्याच्या पुऱ्या, तळायला टाकल्या होत्या, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. आज त्यांना बोलायचं होतं. अकरा वर्षं एकच वाक्य घशात अडकलेलं. तेवढं ऐकलं की हा माणूस मोकळा होणार होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आज नाही तर कधीच नाही, कारण मिस्त्रीची नजर अधू झाली होती, धंदा बंद करून तो दुपारच्या बसने दूर दक्षिणेला, पुंता अरेनासला पुतणीकडे चालला होता. कायमचा.

गल्लीत तो जुना अपघात कुणाला माहीत नव्हता असं नाही. अकरा वर्षांपूर्वी, जुलैत, ऐन हिवाळ्याच्या कडाक्यात, हर्मिंदाबाईंचा नवरा लाउतारो अंघोळीला गेला तो जिवंत बाहेर आलाच नाही. गॅसचा धूर कोंडला. गीझर तेव्हा न्हाणीघरातच होता आणि त्याचं धुराडं ओनोफ्रेने चारच दिवसांपूर्वी जोडून दिलेलं. चौकशी झाली, अपघात म्हणून कागद मिटला. पण लोकांची तोंडं कोण मिटणार? ओसोर्नो गावात त्याला कुणी काम देईना. बायको वैतागून माहेरी गेली. कित्येक महिने तो बाटलीत बुडाला.

मग पुढच्या एप्रिलमध्ये, थंडी पडायच्या आधी, हातात टोपी घेऊन तो दारात उभा राहिला. गीझर बाहेर पडवीत हलवून देतो म्हणाला, दरवर्षी साफ करून देतो म्हणाला. हर्मिंदाबाईंनी दार उघडलं. केवढं मोठं मन, असं सगळे म्हणायला लागले. ते ऐकलं की बाई विषय बदलायच्या.

ओनोफ्रेने बर्नर ब्रशने घासला. तांब्याच्या पात्यांमधली काजळी झाडली, कडक झालेला रबरी पडदा बदलला, नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. दर वर्षी असंच. हर्मिंदाबाईंचा जीव तीळतीळ तुटत होता.

शेवटी त्याने गीझर पेटवला आणि धुराड्याच्या तोंडाशी जळती काडी धरली. ज्योत आत ओढली गेली, म्हणजे धुराला वाट मोकळी होती.

"निळी आली. बघा," तो म्हणाला. "आता नवा मिस्त्री बघून ठेवा. पण दर वर्षी साफ करून घ्यायचं हं, आळस नाही करायचा."

"मिस्त्री, बसा जरा," हर्मिंदाबाई म्हणाल्या. त्यांना आपलाच आवाज परका वाटला. "त्या दिवशीचं मला तुम्हाला..."

"नको, बाई. आधी मला बोलू द्या. मग तुम्ही काय म्हणाल ते म्हणा."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि यास्ना आत आली. मिस्त्रीशी एकटीने बोलायचं म्हणून बाईंनी लेकीला दुपारी ये असं बजावलं होतं, पण ऐकेल तर ती यास्ना कसली. बापावर तिचा भारी जीव. अकरा वर्षं ती मिस्त्रीचं तोंड बघायला तयार नव्हती, तो यायचा त्या दिवशी घरात पाऊल टाकत नसे. आज मात्र त्याच्या प्रवासासाठी उकडलेली अंडी बांधून आली होती आणि बसपर्यंत सोडते म्हणत होती.

ओनोफ्रे तिला पाहून उठला. टोपी काढली.

"बरं झालं, तूही आहेस," तो म्हणाला. "न्हाणीघराचा झरोका उघडा होता, असं फायर ब्रिगेडवाल्यांनी लिहिलंय. मग धूर कोंडला कसा? माझाच जोड ढिला राहिला असणार. धुराडं जोडलं त्या दिवशी मॅच होती, मी घाईत होतो. एवढंच सांगायचं होतं. त्याला मी मारला."

कढईतल्या सोपाइपिया करपल्या. यास्नाने पुढे होऊन चूल आवरली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, पुरे झालं आता," ती हळू म्हणाली. "मी सोडून दिलं. तूही दे ना."

हर्मिंदाबाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माफ केलं, मिस्त्री," त्या म्हणाल्या.

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. त्याने त्यांचा हात कपाळाला लावला, यास्नाने आईला घट्ट मिठी मारली, आणि मीही तुझ्यासारखी असते तर, असं काहीतरी ती पुटपुटली. मग दोघं गाडीत बसून गेली.

गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरला तसं हर्मिंदाबाईंनी दार लावलं. दाराला डोकं टेकून त्यांनी ते वाक्य एकदाचं बोलून टाकलं. "मिस्त्री, तुमचा जोड पक्का होता, थंडी येते म्हणून झरोक्यात चिंध्या मीच कोंबल्या होत्या, आणि फायर ब्रिगेड यायच्या आत मीच त्या काढून चुलीत घातल्या."