थांबायची ओळ

असे जवळ सरकून बसा. एका चुकीची गोष्ट सांगतो, ऐकून मन निवेल.

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये टॅबलेटवर धृपद वाजत होतं आणि ते थांबत नव्हतं. 'शिव हर, शिव हर.' संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आवाज काशम्माचा. टॅबलेट तिच्या नवऱ्याच्या, शिवशरण महाराजांच्या उशाशी होता. ती स्वतः ओट्याशी ज्वारीचं पीठ मळत होती.

महाराज कीर्तनकार. मैंदर्गीपासून वैरागपर्यंत त्यांच्या कीर्तनाला माणसं लेकरंबाळं घेऊन बसायची. पावसाळ्यात झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायला निमित्त पाहिजे. ओळखीचं ऐकवत राहा. मग घरी एक तयार ॲप आणलं. चित्राला बोट लावलं की त्यातली बाई 'पाणी' म्हणायची. महाराजांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, ते फिरवलंच. काशम्माचं म्हणणं, ती बाई पुण्याची वाटते, तिच्या तोंडून हे पाणी कसं मागतील?

मग ती सुनेपाशी जाऊन बसली. अक्षता घरूनच वेबसाइटची कामं करायची. ती म्हणाली, अत्ते, तुमच्या आवाजातलं ॲप संध्याकाळपर्यंत मीच करून देते की. काशम्मानं ऐकलं नाही. महाराजांच्या मागं टाळ घेऊन जन्मभर धृपद तिनं धरलं होतं, आताही तीच धरणार होती. साठीच्या बाईनं जावास्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला सूचना द्यायची भाषा, शिकायला घेतली. उघडलेला कंस मिटायचा, हे तिला लगेच पटलं. पोथी तरी कोण उघडी टाकतं? पण सगळ्यात आवडल्या त्या दोन तिरक्या रेघा. ओळीच्या आधी त्या दिल्या की यंत्र ती ओळ वाचतच नाही, सोडून पुढं जातं.

"म्हंजे ओळ असती, पण मुकी," ती म्हणाली आणि तिनं त्या रेघा वहीत उतरवून घेतल्या.

आता धृपद थांबेना, तशी अक्षता आतल्या खोलीतून हसली. "अत्ते, थांबायची ओळ विसरलात की."

"विसरले असंन. हात पिठात हायत, राहू दे."

कीर्तनात टाळकऱ्यांनी आपणहून थांबायचं नसतं. महाराज हात वर करत, टाळ थांबत, 'ऐका' म्हणून महाराज निरूपण सुरू करत. उभ्या हयातीत हा क्रम कधी चुकला नव्हता.

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. डावा हात सवयीनं वर गेला. धृपद चालूच. हात पुन्हा वर गेला, या खेपेला रागानं. तरी चालूच. मान ताठ झाली, ओठ हलले, गळ्याच्या शिरा फुगल्या.

"ऐ... का."

काशम्मा धावत आली. पिठाच्याच बोटानं तिनं धृपद बंद केलं आणि पलंगासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"ऐकतीय, महाराज. सांगा."

पुढचा शब्द महाराजांना सापडेना. म्हणून त्यांनी तोच पुन्हा सांगितला, परत सांगितला. ती दर वेळी नव्यानं ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्षता सासूची चूक दुरुस्त करायला बसली. थांबायची ओळ जागच्या जागी होती, बिनचूक लिहिलेली. तिच्या आधी दोन तिरक्या रेघा होत्या.

तिनं वळून पाहिलं. काशम्मा भाकरी थापत होती.

"यंत्रच आपणहून थांबलं असतं," ती मान वर न करता म्हणाली, "तर ह्यांनी काय करायचं गं?"

यापुढं कुणी 'ऐका' म्हणालं, की माझ्या गोष्टीतल्या काशम्माची तेवढी आठवण ठेवा.