पिराजीच्या निरोपाचं जेवण

“उडप्याकडं नको,” चेअरमन हिंमतराव म्हणाले. “तिथलं सांबार म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आणि यंदा उस्मानाबादेत तेवढं पाणी तरी आहे का कुणाकडं?”

सगळे संचालक हसले. चेअरमन हसले की हसायचं, हा सहकारी संघातला एकच ठराव दर वेळी एकमतानं मंजूर व्हायचा.

बैठकीत विषय जेवणाचा होता. संघाचा शिपाई पिराजी एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर शनिवारी रिटायर होत होता. त्याला निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं होतं. कुठं द्यायचं यावर तासभर खल चालला होता. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. छावणीतल्या जनावरांना पेंड कुठून आणायची, हा विषय याच मंडळींनी दहा मिनिटांत पुढच्या बैठकीवर ढकलला होता.

वीरप्पा संचालकांना मटण शिजतं त्या छपराखाली पाणीसुद्धा चालत नव्हतं. हिंमतरावांना मटणाशिवाय जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य वाटायचं. स्टँडसमोरच्या आयुबच्या हॉटेलातलं मटण जिल्ह्यात नावाजलेलं. पण तिथं बसायचं म्हणजे कंडक्टर-ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. “आपली काही इज्जत आहे का नाही?” हिंमतरावांनी विचारलं. शेवटी ठरलं, मटण आयुबचं, पण खायचं विश्रामगृहावर. वीरप्पांना वेगळ्या खोलीत पुरणपोळी.

पिराजी चहाचे कप गोळा करत होता. सेक्रेटरी व्यंकटराव चाचरत म्हणाले, “साहेब, पिराजीला काय आवडतं ते विचारू का?”

“त्याला काय विचारायचं? जन्मभर भाकरी-ठेचा खाल्लेला गडी. त्याला चवीतलं काय कळतंय?”

पिराजी हातभर अंतरावर होता. त्यानं टेबल पुसलं आणि कप घेऊन तो बाहेर गेला. व्यंकटरावांनी त्याला दारात गाठलं. “पिराजी, शनिवारी वहिनींनाही घेऊन या,” ते म्हणाले. आपण केवढं धाडस केलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

लग्नकार्याची पंगत सोडली तर पिराजीच्या बायकोनं, मालनबाईनं, दुसऱ्याच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. पंगतीतही तिचा नंबर शेवटचा. “मला कशाला?” ती आधी म्हणाली. पण शनिवारी तिनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. “आज चूल पेटवायची न्हाय आमच्याकडं,” असं तिनं शेजारणीला दोनदा सांगितलं.

पाच वाजता कचेरीत पिराजीला हार घातला, हातात नारळ दिला. मग मटण आणायला आयुबकडं कुणाला धाडायचं असा प्रश्न पडला, तेव्हा त्यालाच धाडलं.

आयुबनं पातेलं भरता भरता विचारलं, “दावत किसकी है, पिराजीभाई?”

“माझीच.”

आयुबचा हात थांबला. त्यानं पिराजीकडं नीट पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

विश्रामगृहावर टेबलाला बारा खुर्च्या होत्या. वीरप्पा सोडून बाकीचे संचालक आणि व्यंकटराव बसले, हिंमतरावांचे जावई बसले, जावयांचे दोन दोस्त बसले. खुर्च्या संपल्या. “पिराजी, पाणी,” कुणीतरी म्हणालं आणि पिराजीचा हात आपोआप पाण्याच्या जगाकडं गेला. हिंमतरावांनी भाषण केलं. पिराजी म्हणजे आमच्या घरचाच माणूस, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. घरचा माणूस जग घेऊन भिंतीशी उभा होता.

मालनबाई बाहेर पायरीवर बसली होती. हिंमतराव हात धुवायला आले.

“ही कोण?”

“माझी मंडळी, साहेब,” मागून आलेला पिराजी म्हणाला.

“बरं केलंस आणलीस. खरकटं आवरायला कुणीतरी लागणारच होतं. आमचं झालं की तुम्ही दोघं आत चुलीपाशी बसून घ्या. मटण उरेल भरपूर.”

ते हे रागानं बोलले नाहीत. उदारपणानं बोलले. व्यंकटरावांना टेबलावर सगळं ऐकू गेलं. त्यांनी नळी फोडण्यात लक्ष घातलं.

मालनबाई उठली. तिनं हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

चेअरमनची बोलणी पिराजीनं एकतीस वर्षं ऐकली होती. तो खोचलेला पदर मात्र त्याला बघवला नाही. त्यानं जग खाली ठेवला.

“साहेब, पाच वाजता म्या रिटायर झालो. आता तुमचं पानी तुमी घ्या.”

पिराजी बायकोला घेऊन फाटकाबाहेर पडला.

रस्त्यात त्याचा ऊर भरून आला होता. वळणावर तो मागं वळून थुंकला. “इतक्या वर्षांत एकानं इचारलं न्हाय मला, पिराजी, तुला काय खावंसं वाटतंय म्हून. भाड्यांनी एकदाबी इचारलं न्हाय.”

मालनबाई मागून चालत होती. स्टँडचे दिवे दिसू लागले तसा तो थांबला. आज त्याला कुणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटत होतं.

“मालन, तूच सांग. कुठं जेवायचं?”

चौतीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं खोचलेला पदर सोडला आणि सारखा केला.

“कुठंबी चालंल,” ती म्हणाली. “तुमास्नी वाढायला मला सारखं उठावं लागनार न्हाय, असल्या कुठल्याबी जागी.”